दशावतारी नाट्य (नाट्यशिक्षणातील अभ्यासविषय)

दक्षिण कोकणातील जत्रांमध्ये रात्रभर चालणारा विधिनाट्याचा प्रकार. मुख्य क्षेत्र सिंधुदुर्ग जिल्हा व त्याला लागून असलेला गोव्याचा पेडणे परिसर. मालवणी बोलीत याला ‘धयकालो’ (दहिकाला) म्हणतात. पहाटे दह्याची हंडी फोडून खेळ संपतो, त्यावरून हे नाव पडले. महाविद्यालयीन व विद्यापीठीय नाट्यशिक्षणात तो ‘लोकरंगभूमी’ या विषयाखाली येतो. नाव दहा अवतारांचे असले तरी दहाही अवतार रंगभूमीवर येत नाहीत; शंखासुराला (बोलीत ‘संकासूर’) मारणाऱ्या विष्णूच्या रूपाने मत्स्यावताराची कथा तेवढी पूर्वरंगात, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, दिसते.

उगम : सर्वांत जास्त उद्धृत होणारी माहिती अशी, की राजापूर तालुक्यातील आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला. साल नेमके सांगितले जाते. आधार मात्र प्रामुख्याने परंपरेचा आहे. यक्षगान या कर्नाटकी लोकनाट्याशी असलेली साम्ये या मताला पूरक ठरतात : आरंभीचे गणेशस्तवन, गायक-सूत्रधाराच्या हाती असलेली कथेची दोरी, पौराणिक प्रसंगांची निवड आणि पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका. परंतु यक्षगानातील चंडे हे वाद्य दशावतारात नाही. तेथील भव्य शिरोभूषणे नाहीत, नृत्याचे प्रमाणही बरेच कमी. शिवाय समर्थ रामदासांच्या (१६०८–८१) दासबोधात ‘खेळतां नेटके दशावतारी । तेथें येती सुंदर नारी’ अशी ओवी आहे आणि त्या नारी म्हणजे मुळात धटिंगण पुरुष, असा तिचा रोख आहे. म्हणजे ‘दशावतारी’ हे नाव आणि पुरुषांनी स्त्रीवेष घेण्याची रीत सतराव्या शतकातच महाराष्ट्रात परिचित होती. ओवीतला खेळ आणि आजचा खेळ एकच, असे यावरून सिद्ध होत नाही. पण काळ्यांनी एक नवा प्रकार ‘आणला’ असे म्हणण्यापेक्षा, चालत आलेल्या खेळाला यक्षगानाच्या धर्तीवर नवी बांधणी दिली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. रत्नागिरीकडच्या नमन-खेळे या लोकनाट्यात आणि शिमग्याच्या सोंगांतही संकासूर आढळतो. हे पात्र दशावतारातून तिकडे गेले की दोन्हीकडे एकाच जुन्या थरातून आले, याबद्दल मतभेद आहेत. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या पहिल्या प्रयोगामागे कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती, ही गोष्टही या वादात वारंवार पुढे केली जाते. तिचा दशावताराशी थेट संबंध जोडणे घाईचे होईल.

रचना : पूर्वरंगाला ‘आडदशावतार’ म्हणतात. त्यात सूत्रधार, गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावरील सरस्वती, भटजी आणि शेवटी संकासूर अशी पात्रे येतात. इतर पात्रे प्रमाण, बरीचशी संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, तर काळ्या वेषातला संकासूर मालवणीत. वेद चोरणारा हा दैत्य समोर बसलेल्या गावकऱ्यांचीही फिरकी घेतो आणि त्याच्या वेळी मांडवात पेंगणारे जागे होतात. त्यानंतर आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा, सुरू होते. रंगमंचाचे साहित्य म्हणाल तर एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तेच अंतःपुर, तोच पर्वत. साथीला पायपेटी, पखवाज व झांज.

नाट्यशिक्षण : विद्यापीठीय अभ्यासक्रमाची खरी अडचण संहितेची आहे. आख्यानाचे लिखित नाटक नसते. रंगभूषा चालू असतानाच कंपनीतील जाणता नट कथानक थोडक्यात सांगतो, कोणाला कोणते पात्र ते ठरते आणि पुढचे संवाद उभ्याउभ्या रचले जातात. विद्यार्थ्याने मोबाइलवर एका जत्रेतला खेळ ध्वनिमुद्रित करून त्यावरून संहिता उतरवली, तर पुढच्या जत्रेत त्याच आख्यानात कीचक निराळेच बोलतो. एका प्रयोगाची नोंद ‘दशावतारी नाटक’ म्हणून प्रबंधाच्या परिशिष्टात जोडण्याची पद्धत त्यामुळे सदोष आहे. कंपनीतले शिक्षण वेगळ्या क्रमाने होते. पोरगा आधी झांज धरतो, किरकोळ पात्रे करतो, आवाज फुटण्याच्या वयात स्त्रीपार्ट आणि पुढे जमले तर राजपार्ट. युद्धप्रसंगात पखवाजाच्या बोलावर पाय कसा टाकायचा हे कोणी सांगत नाही. मागे उभे राहून ते उचलायचे असते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण नटाच्या मिळकतीविषयी आहे, पण रात्रीच्या मुकुटाबरोबर दिवसा वेष-सामानाचा पेटारा वाहणे हाही या शिक्षणाचाच भाग. पेटाऱ्याची पूजा झाल्याशिवाय खेळ उभा राहत नाही.

पदवी-पदव्युत्तर पातळीवरील रीतसर नाट्यशिक्षणासाठी किनाऱ्यावरचा विद्यार्थी बहुधा बाहेर पडतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७), मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स (२००३, पहिले संचालक वामन केंद्रे) आणि पणजीतील कला अकादमी ही त्याची नेहमीची ठिकाणे. गावाकडच्या महाविद्यालयात नाटक सहसा सांस्कृतिक विभागाच्या वाट्याला येते आणि त्याचा अर्थ युवा महोत्सवातली एकांकिका असा होतो. तिथे अर्ध्या तासात पडदा पडावा लागतो. मध्यरात्रीनंतर, पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर उभ्या राहणाऱ्या खेळातला प्रवेश या मापात बसवताना आडदशावतार पुष्कळदा पहिल्यांदा कापला जातो. उरतो तो संकासूर, तोही हशा हमखास मिळतो म्हणून.

अलीकडचे बदल : पेट्रोमॅक्सच्या जागी विजेचे दिवे व ध्वनिक्षेपक आले. ‘ट्रिकसीनयुक्त’ खेळांच्या जाहिराती जत्रेच्या फलकांवर दिसतात. अभ्यासक त्यांच्याकडे नाक मुरडतात, प्रेक्षक गर्दी करतात. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, चेंदवणकर, आजगावकर या नावांच्या कंपन्या परंपरागत मानल्या जातात. त्यांच्या ठरलेल्या गावांच्या जत्रा कार्तिकापासून सुरू होतात.