योसेफाची मेणबत्ती

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरचं ‘सुतार संत योसेफ’ हे चित्र आहे, १६४०च्या दशकातलं. म्हातारा योसेफ, म्हणजे येशूचा पालक पिता, ओणवा होऊन जाड तुळईला गिरमिटानं भोक पाडतोय. समोर लहानगा येशू मेणबत्ती घेऊन बसलाय. ज्योतीपुढे त्यानं आडवा धरलेला तळवा उजेडात इतका न्हालाय, की बोटं आरपार दिसावीत आणि नखांच्या कडाही मोजता याव्यात. तुळई म्हणजे पुढचा क्रूस, हा अर्थ बहुतेक जाणकार सांगतातच. मला जास्त मोलाची वाटते ती मेणबत्ती, कारण ती या चित्राहून फार जुनी आहे.

स्वीडनच्या संत ब्रिजिट यांना १३७२ मध्ये बेथलेहेमला येशूजन्माचा दृष्टान्त झाला. योसेफ पेटती मेणबत्ती घेऊन आला, पण बाळाच्या तेजापुढे ती पार फिकी पडली, असं त्यात आहे. पुढे उत्तर युरोपातल्या चित्रकारांनी हे उचललं. फ्रान्समधल्या दिजाँच्या संग्रहालयातल्या, रॉबेर कांपँ या चित्रकाराच्या येशूजन्माच्या चित्रात योसेफ हातानं ज्योत जपतोय. माणसाचा उजेड दैवी उजेडापुढे थिटा, हा त्याचा अर्थ. योसेफाला तेव्हा मानही तेवढाच होता: कोपऱ्यातला, कधी पेंगणारा, कधी तर हसू यावं असा म्हातारा.

सोळाव्या शतकात हे पालटलं. आविलाच्या संत तेरेसा यांची योसेफावर गाढ श्रद्धा होती. १५६२ मध्ये त्यांनी स्थापन केलेला पहिला मठ त्याच्याच नावाचा. १६२१ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १९ मार्चचा त्याचा सण साऱ्या कॅथलिक चर्चला बंधनकारक केला. आता कष्ट करून घर चालवणारा बाप चित्राच्या मध्यभागी आला.

त्याच सुमारास इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या चित्रांतला दाट काळोख युरोपभर पसरत होता. १६२०च्या आसपास डच चित्रकार होन्टहोर्स्टनं योसेफाचं रात्रीचं सुतारकाम रंगवलं आणि मेणबत्ती मुलाच्या हाती दिली. ला तूरनं तीच मांडणी घेतली, पण बाकी सगळं गाळलं. प्रभावळ नाही, देवदूत नाहीत. जुन्या चित्रांत बापाच्या ज्योतीला फिकं पाडणारं बाळ इथे स्वतःच बापाला कामापुरता उजेड दाखवतंय. दृष्टान्ताचा अर्थ ला तूरनं असा उलटा फिरवला, आणि हीच त्याची खरी थोरवी.

१६५२ मध्ये तो वारला आणि विस्मृतीत गेला. त्याची चित्रं इतरांच्या नावावर खपत राहिली. १९१५ मध्ये जर्मन अभ्यासक हेर्मान फॉस यांनी त्याला पुन्हा ओळख मिळवून दिली. हे चित्र लूव्रला भेट म्हणून मिळालं ते १९४८ मध्ये.