जुनं जिनिंग-प्रेसिंगचं गोदाम (विदर्भ)

शेतातून आलेला कापूस साठवायचा, रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, रुई नि सरकी वेगळी करायची आणि रुई दाबून गाठी बांधून ठेवायच्या, या सगळ्यासाठी बांधलेली ही जागा. आपल्याकडे नुसतं 'जीन' म्हणतात. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली, मग १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला, आणि पुढं हिंगणघाट, पुलगाव, मूर्तिजापूर अशा स्टेशनांच्या आजूबाजूला जिनं उभी राहत गेली.

बाहेरून साधं शेडच वाटते, पण मला तरी या बांधकामाइतकं विचारपूर्वक केलेलं काम गावात दुसरं दिसत नाही. कापूस हलका पण जागा फार खातो, म्हणून मधात खांब कमी आणि वर लांब कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यावर कवेलू नाहीतर टिन. भिंती जाडजूड, विटा चुन्यात बसवलेल्या. खिडक्या अगदी वर, छताजवळ, कारण कापसाची गंजी, म्हणजे ढीग, भिंतीला टेकून चढत जाते. जोतं बंडीच्या (बैलगाडीच्या) उंचीचं, म्हणजे कापूस सरळ आत लोटता येतो अन् जमिनीची ओल लागत नाही, ओल लागली की गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते.

सगळ्यात मोठी भीती आगीची. कापसात एखादा खडा किंवा खिळा आला आणि रेच्यात घासला की ठिणगी उडते, आणि गाठीला लागलेली आग तर वरून विझली तरी आत धुमसतच राहते. म्हणूनच कापसाचं गोदाम, रेचे, प्रेस अन् गाठींचं गोदाम अलग अलग, मधात मोठं मोकळं अंगण आणि पाण्याचं टाकं. ते अंगण म्हणजे वाया गेलेली जागा नाही, ते पण बांधकामच आहे.

प्रेसची इमारत उंच, कारण रुई वरून पेटीत टाकतात. पाच क्विंटल कापसातून साधारण एक गाठ, आजच्या हिशोबानं १७० किलोची. जवळची चिमणी वाफेच्या इंजिनाची, त्या एका इंजिनावर लांब शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांनी सगळे रेचे चालायचे. विजेच्या मोटारी आल्या तशी चिमणी थंड झाली.

आता कुठं यात तूर-सोयाबीन भरतात, कुठं कैच्या भंगारात गेल्या. उभं असलेलं जीन पाहायला गेलात तर फरशीतली शाफ्टची नाली आवर्जून शोधा, रेच्यांची रांग कुठून कुठवर होती ते तिथंच कळते.