व्हॉल्व्हयंत्रणेची सुधारणा : जुन्या छोट्या मोटारींची एंजिने

जुन्या छोट्या मोटारीच्या एंजिनातील कॅमशाफ्ट, टॅपेट, पुशरॉड, रॉकर, स्प्रिंग, गाइड, सीट आणि व्हॉल्व्ह हे भाग बदलून ते एंजिन आजच्या इंधनाला व वापराला योग्य करणे, या कामास व्हॉल्व्हयंत्रणेची सुधारणा म्हणतात. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरात इंधनमिश्रण आत घेणारी किंवा जळालेला वायू बाहेर सोडणारी (एग्झॉस्ट) झडप; ती मिटताना ज्या कड्यावर टेकते ती सीट, तिचा दांडा ज्या नळीत सरकतो ते गाइड, आणि ती उघडणारे उंचवटे (कॅम) ज्या फिरत्या दांड्यावर असतात तो कॅमशाफ्ट. इंदूरमध्ये वडिलांची किंवा आजोबांची ‘पद्मिनी’ चालती ठेवू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांना या कामाची गरज हमखास पडते, म्हणून येथे तेच एंजिन मुख्यतः विचारात घेतले आहे.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचे चार सिलिंडरांचे एंजिन मूळ फियाट 1100 चे असून त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिमी. आणि घनफळ 1,089 घ. सेंमी. आहे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह वर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) असल्यामुळे कॅमची हालचाल टॅपेट (कॅमवर टेकलेला ठोकळा), पुशरॉड (वर ढकलली जाणारी सळी) व रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) या मार्गाने व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. एंजिन मिनिटाला 5,000 फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे 42 वेळा उघडतो. या वेगात एवढ्या भागांचे वजन परत खेचण्याचा सारा भार स्प्रिंगवर असतो आणि ती थकली, की व्हॉल्व्ह कॅमच्या आकाराप्रमाणे न मिटता तरंगू लागतो.

सुधारणेचे सर्वांत सबळ कारण इंधनात आहे. पेट्रोलमधील शिसे एग्झॉस्ट व्हॉल्व्ह व त्याची सीट यांच्यामध्ये पातळ संरक्षक थर धरत असे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि हा थर गेला. ज्या एंजिनांत सीट थेट बिडाच्या हेडमध्येच कापलेली असते त्यांना याचा धोका अधिक; ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीटचे कडे वेगळे बसवलेले असते, पण तेही जुन्या धातूचे असल्यास झिजते. सीट झिजली, की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, त्याच्या दांड्याचे टोक रॉकरजवळ येते आणि टॅपेटची फट (रॉकर व दांडा यांतील अंतर) वाढण्याऐवजी कमी होते. परिणामी टॅपेटचा आवाज नाहीसा होतो, मालकाला गाडी सुधारल्यासारखी वाटते, आणि फट पूर्ण संपल्यावर व्हॉल्व्ह नीट न मिटल्याने जळतो. म्हणून अचानक शांत झालेल्या जुन्या एंजिनाची फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) लगेच तपासावी.

यावर उपाय म्हणजे कठीण धातूच्या नव्या सीट, कडांवर स्टेलाइट हा कठीण मिश्रधातू चढवलेले एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि ब्राँझचे गाइड. गाइड आधी बसवून त्याच्याच मध्यरेषेवर सीट कापावी लागते. हा क्रम उलटा झाला तर व्हॉल्व्ह कितीही घासला तरी एका बाजूने गळत राहतो. सीट 30, 45 व 60 अंशांच्या तीन कोनांत कापल्यास वायूचा प्रवाहही सुधारतो.

जास्त उचल देणारा कॅम किंवा अधिक गुणोत्तराचे रॉकर (दोन्ही व्हॉल्व्ह अधिक उघडणारे) यांचा मोह मात्र आवरलेला बरा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मी. उंचीवर असल्याने हवा काहीशी विरळ असते आणि ताकद थोडी घटते हे खरे, पण असा कॅम ती भरून काढतो वरच्या वेगात, तर शहरातल्या गर्दीत लागतो तो खालचा जोर. तरीही तो बसवायचा असल्यास पूर्ण उचलीला स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर आदळत नाहीत ना, व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, आणि रॉकरचे टोक व्हॉल्व्हच्या दांड्याच्या मध्यावर दाब देते ना, हे हाताने क्रँक फिरवून पाहावे. पिस्टनवर मऊ माती ठेवून उरलेले अंतर मोजण्याची जुनी पद्धत आजही भरवशाची आहे.

नवा कॅम व टॅपेट एकमेकांवर बसण्यासाठी पहिली सुमारे 20 मिनिटे एंजिन 2,000 फेऱ्यांच्या आसपास ठेवतात आणि तेल जस्तयुक्त झीजरोधक घटकांचे वापरतात. गाइडचे काम कसे झाले हे मुंबई-आग्रा मार्गावर मानपूरच्या पुढच्या विंध्याच्या उतारावर कळते : गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरताना सिलिंडरांत निर्वात वाढतो, सैल गाइडमधून तेल आत ओढले जाते, आणि खाली पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा धूर निघतो.