दोरीला काय शिकवलं, सर?

पुलीचं गणित होतं, सगळ्यांनी कधी ना कधी सोडवलेलं असतं तसलं, दोरीच्या एका टोकाला ३ किलोचं वजन, दुसऱ्या टोकाला २ किलोचं, सोडून दिल्यावर प्रवेग किती. पेपर तपासताना एका पोराच्या उत्तरापाशी मी अडकलो कारण आकृती एकदम करेक्ट, दोन्ही वजनांवर खाली गुरुत्वाकर्षण, वर दोरीचा ताण, दोन्ही समीकरणं बरोबर, आणि तिथून पुढे कोरं पान. १० पैकी ३ देऊन मी पुढच्या पेपरला गेलो पण डोक्यातून जाईना म्हणून परत काढून बघितलं, तर पठ्ठ्याने डावीकडच्या वजनाचा प्रवेग वेगळा धरलेला, उजवीकडचा वेगळा. म्हणजे समीकरणं २ आणि अज्ञात ३, मग सुटणार कसं?

दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं, अरे दोरी ताणलेली आहे, तिची लांबी वाढत नाही, एक वजन जितकं खाली तितकंच दुसरं वर, मग प्रवेग दोन कसे? तर म्हणाला, सर हे गणितात कुठे दिलंय? मी ओळ वाचून दाखवली, द स्ट्रिंग इज टॉट अँड इनएक्स्टेन्सिबल. तो जरा वेळ बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, टॉट म्हणजे टीचचंच ना सर, मला वाटलं स्पेलिंग चुकलंय, पण दोरीला काय शिकवलं ते कळेना.

पोरगा नंदुरबारकडच्या आश्रमशाळेत शिकून आलेला. न्यूटनचे नियम त्याला येत होते, टॉट (taut, म्हणजे ताणलेली) येत नव्हतं, त्याला फक्त शिकवण्यातलं taught माहीत. आणि गंमत म्हणजे त्याच्या शेजारी बसणाऱ्यालाही १० पैकी ३ च होते, त्याने दोरीचा ताण चक्क खालच्या दिशेला काढला होता, म्हणजे त्याचा घोटाळा खरोखर फिजिक्सचा. मार्कांच्या शीटवर दोघं सेम. एकाला शब्द सांगायला दोन मिनिटं पुरतात, दुसऱ्याला दोन आठवडे लागतात, आणि शीट बघून ठरवलं असतं तर दोघांनाही तेच एक्स्ट्रा लेक्चर लावलं असतं. बहुतेक ठिकाणी तेच लावतात.

आयआयटीचा प्रिपरेटरी कोर्स बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून सांगतो. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांचा कटऑफ जनरलच्या निम्मा असतो, आणि त्याच्याही निम्म्यावर अजून एक यादी लागते, प्रिपरेटरीची. त्या प्रवर्गांच्या सीट रिकाम्या राहिल्या तर या यादीतल्या मुलांना एक वर्षाचा कोर्स देतात, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्रजी. वर्ष नीट पास झालं की पुढच्या वर्षी परत जेईई न देता थेट बीटेकच्या पहिल्या वर्षाला. जर्मनीत पण असली भानगड आहे, तिथे श्टुडिएनकोलेग म्हणतात, दोन सेमिस्टर आणि शेवटी परीक्षा, आपल्या पुण्यातून बारावी करून गेलेली काही पोरं तिथेच बसलेली असतात. इंग्लंडात फाउंडेशन इयर. सगळीकडे प्रश्न एकच, वर्ष छोटं आहे, मागे पडलेलं पोर वेळेत ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर करायचं काय. मी काही वर्षं अशाच एका वर्गाच्या (टॉटवाला पोरगाही त्यातलाच) ट्युटोरियल घेतल्या त्यामुळे लिहिण्याचा थोडाफार हक्क आहे असं समजतो.

आधी ओळखण्याचं बघू. आमच्याकडे (नाव सांगत नाही) मिडसेम आठव्या आठवड्यात व्हायची, पेपर तपासून, मार्क चढवून, सह्या होऊन लाल शेरा मारलेली यादी आमच्या हातात यायला अकरावा आठवडा उजाडायचा. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमधले पाच उरलेले. आणि फिजिक्स-मॅथ्स हे विषय असे की पहिल्या महिन्यात लॉग कच्चा राहिला की एक्स्पोनेन्शियल कच्चं, मग किरणोत्साराचं गणित कच्चं, मग केमिस्ट्रीतला रिअ‍ॅक्शन रेट कच्चा, पोराला वाटतं आपल्याला चार विषय येत नाहीत आणि खरं तर एक लॉग येत नसतो.

म्हणून छोट्या छोट्या टेस्ट, आठवड्याला एक, दहा मिनिटांची, मार्क धरायचेच नाहीत किंवा अगदी नावाला. हे ऐकलं की पालक खूश होतात आणि पोरं वैतागतात, पण टेस्टचा एक उपयोग असा आहे जो दोघांच्याही लक्षात येत नाही. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून मग तीन वेळा न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, त्यांना ८३ टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ७१. पण आठवड्यानंतर विचारलं तर वाचणारे ४० वर आणि लिहिणारे ६१ वर! आणि कॉन्फिडन्स कुणाचा जास्त होता, तर वाचणाऱ्यांचा. डोक्यातून एखादी गोष्ट ओढून बाहेर काढली की ती पक्की बसते, नुसती परत परत बघितली की ओळखीची वाटते आणि ओळखीची वाटणं म्हणजे येणं असा आपला गैरसमज होतो. हायलायटरने पिवळं केलेलं पुस्तक बघून पोरांना जो दिलासा मिळतो तो हाच. म्हणजे टेस्ट ही पोर कुठे आहे ते दाखवते आणि दाखवता दाखवता त्याला थोडं पुढेही ढकलते.

पण टेस्टमधला प्रश्न कसा काढलाय त्यावर सगळं आहे. फिजिक्स शिकवणाऱ्यांच्यात १९९२ पासून एक प्रश्नसंच फिरतो, फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी, हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. त्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच, आणि त्याची खरी करामत चुकीच्या पर्यायांत आहे, कारण ते पर्याय मुलांच्या डोक्यात नेहमी असणाऱ्या चुकीच्या कल्पनांवरून बनवलेत. त्याच धाटणीचा प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात टाकायचो. बॉल सरळ वर फेकला, हात सुटलाय, वर चाललाय, हवेचा विरोध सोडून द्या, आता त्याच्यावर बल कोणतं? बरोबर उत्तर फक्त गुरुत्वाकर्षण, खाली. पण जेईईला बऱ्यापैकी मार्क पाडलेली पोरंसुद्धा 'हाताने दिलेलं बल, हळूहळू संपत जाणारं' यावर टिक करतात. ती टिक दिसली की मला कळतं याच्या डोक्यात बल म्हणजे काय आणि वेग म्हणजे काय याची खिचडी आहे. १० पैकी ३ मधून हे कधीच कळत नाही.

बरं, कळलं. आता पोराला सांगायचं कसं? इथे मास्तर लोक (मी पण) हमखास चुकतात. इस्रायलमध्ये रूथ बटलर नावाच्या संशोधक होत्या, त्यांचा १९८८ चा प्रयोग शिक्षकांनी भिंतीवर लावावा असा आहे. सहावीच्या मुलांचे तीन गट, एकाला नुसते मार्क, एकाला नुसता शेरा म्हणजे काय चांगलं जमलं आणि कुठे काय करता आलं असतं, आणि तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेले मार्कवाल्यांसारखेच राहिले, कारण मार्क दिसला की पोरगं शेरा वाचतच नाही, शेजारच्याचा मार्क बघतं. आपण नाही का तेच करायचो? आणि क्लूगर-डिनिसी या जोडीने १९९६ मध्ये फीडबॅकवरचे ढीगभर अभ्यास एकत्र केले तर सरासरी फायदा दिसला खरा पण एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळा फीडबॅकने कामगिरी उलट घसरली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फीडबॅक कामावरून हटून माणसावर गेला की घोळ होतो, म्हणजे 'तुझं समीकरण इथे फसलं' ऐवजी 'तू कच्चा आहेस'.

आता या सगळ्यात कॉम्प्युटर येणारच होता, आला. अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीने २००७ पासून कोर्स सिग्नल्स नावाची सिस्टीम वापरली, मार्क, ऑनलाइन किती वेळ आला वगैरे धरून प्रत्येक पोराला ट्रॅफिक सिग्नलसारखा लाल, पिवळा नाहीतर हिरवा दिवा. त्यांनी जाहीर केलं की ज्यांनी असे दोन किंवा जास्त कोर्स घेतले ती मुलं कॉलेज सोडून जाण्याचं प्रमाण खूपच कमी आहे. सगळीकडे वाहवा झाली. २०१३ मध्ये काही जणांनी शांतपणे विचारलं की थांबा, जो पहिल्याच वर्षी सोडून गेला तो दोन कोर्स घेणार कधी? टिकला म्हणून दोन कोर्स झाले, दोन कोर्स झाले म्हणून टिकला नाही. म्हणजे ज्यांनी जास्त पावसाळे पाहिले ते जास्त जगले तेव्हा पावसात भिजल्याने आयुष्य वाढतं असं म्हणण्यासारखं. आजही एखादी कंपनी कॉलेजला असल्या दिव्यांचा डॅशबोर्ड विकायला येते तेव्हा मला हे पावसाळे आठवतात.

याचा अर्थ आकडे बिनकामाचे असं नाही. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने २०१२ पासून मुलांवर ८०० च्या वर निकषांनी रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली, त्यात त्यांना दिसलं की मुख्य विषयाच्या पहिल्याच बेसिक कोर्सला सी ग्रेड मिळाला (जो पासच असतो, कुणी लक्षही देत नाही) की पुढे डिग्री पूर्ण होण्याची शक्यता बरीच खाली येते. हे उपयोगाचं आहे, कारण नापास पोर सगळ्यांना दिसतं, काठावर पास होणारं दिसत नाही. पण त्यांनी त्यासोबत डझनावारी सल्लागार नेमले, खुर्चीवर बसलेली माणसं, दिवा लागला की पोराला फोन करून बोलावणारी. आपल्याकडे सॉफ्टवेअर घेतात आणि माणसं नेमत नाहीत. विहिरीत फूटपट्टी सोडून रोज पातळी लिहून ठेवली म्हणून पाणी वाढत नाही हो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते युरी ट्रीझमनच्या कामाने. सत्तरच्या दशकात हा अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीत गणिताचा विद्यार्थी होता आणि तिथल्या कॅल्क्युलसच्या कोर्सला काळी मुलं मोठ्या प्रमाणात गळत होती. प्राध्यापकांना विचारलं का, तर नेहमीची उत्तरं, मोटिव्हेशन नाही, पाया कच्चा, घरी वातावरण नाही. ट्रीझमनने सरळ वीस काळी आणि वीस चिनी वंशाची मुलं घेतली आणि दीड वर्ष त्यांच्या मागे राहून बघितलं की ती अभ्यास नक्की करतात कसा. काळी मुलं मन लावून करत होती, सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठ तास, दार बंद करून, एकटी. चिनी मुलं आधी एकटी बसायची आणि मग रात्री एकत्र जमायची, जेवायची, एकमेकांची उत्तरं तपासायची, कुणाचंच जुळलं नाही तर कळायचं की गणितच अवघड आहे, आपण मठ्ठ नाही. सगळे मिळून चौदा तासांच्या आसपास. एकट्या बसलेल्या मुलाला ही तुलनाच मिळत नाही, त्याला अडलं की तो अडलेला आणि दोष त्याचाच.

मग ट्रीझमनने वर्कशॉप काढलं, पण त्याला रेमेडियल म्हणजे कच्च्यांसाठीचा वर्ग म्हटलं नाही आणि गणितं सोपी दिली नाहीत, उलट जास्त अवघड दिली, गटाने सोडवा म्हणून. निकाल पालटले. प्रिपरेटरीच्या पोरांना मी बघितलंय, त्यांच्या कपाळावर आधीच एक शिक्का बसलेला असतो, मेसमध्ये कुणी रँक विचारली की ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जातात. त्यात आपण 'कच्च्या मुलांचा जादा तास' अशी नोटीस लावायची म्हणजे शिक्क्यावर शाई.

शिक्क्यावरून अजून एक प्रयोग, डेव्हिड येगर आणि मंडळींचा, २०१४ चा. सातवीच्या मुलांच्या निबंधावर शिक्षकांनी नेहमीसारख्या सूचना लिहिल्या आणि वर एक चिठ्ठी चिकटवली. काहींच्या चिठ्ठीवर एवढंच की या सूचना तुझ्या माहितीसाठी, आणि काहींच्या चिठ्ठीवर असं की माझ्या तुझ्याकडून फार अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे म्हणून एवढं लिहिलंय. काळ्या मुलांपैकी निबंध परत लिहून आणणारे पहिल्या चिठ्ठीला १७ टक्के होते, दुसरीला ७० च्या वर. सँपल लहान होतं, त्यामुळे मी यावर घर बांधणार नाही, पण चिठ्ठीला खर्च तो काय.

टॉटवाल्या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी केल्या. वर्गाच्या दाराला एक मोठा कागद लावला आणि सांगितलं की गणितातला जो इंग्रजी शब्द अडला तो इथे लिहा, नाव घालू नका. पहिल्या आठवड्यात चाळीसेक शब्द आले, नेग्लिजिबल, रिस्पेक्टिव्हली, अ‍ॅट मोस्ट, अ‍ॅडजसंट, मला एकही शब्द कधी अवघड वाटला नव्हता. आणि आठवड्याच्या टेस्टवर मार्क लिहिणं बंद केलं, नुसती एक ओळ, तुझी गाडी कुठल्या पायरीवर थांबली. सुरुवातीला पोरं घाबरली, सर मार्क सांगा ना, नापास झालो काय?

मग रविवारी संध्याकाळी मेसमध्ये चार-पाच जणांना बसवायला लागलो, टेस्टमधलाच एखादा प्रश्न घेऊन, मी फक्त चहा प्यायचो. एकदा तो बॉलचाच प्रश्न निघाला, अगदी वर टोकाला बॉल क्षणभर थांबतो तेव्हा प्रवेग शून्य का नाही. एक जण म्हणाला थांबला म्हणजे शून्यच. नंदुरबारवाला म्हणाला, प्रवेग शून्य असता तर तो तिथेच लटकून राहिला असता ना येड्या, खाली आलाच नसता. त्याच्यावर अजून एकाने काहीतरी काढलं, आवाज चढले, कुणीतरी मीठदाणी वर फेकून झेलून दाखवली, मीठ सांडलं. मेसचे मामा फडका घेऊन आले आणि म्हणाले, भांडण बाहेर करा, मला टेबल पुसायचंय.