इंग्रजी शिकवायला परदेशी जाताना: पात्रता, कागदपत्रं आणि त्यांचा क्रम

परदेशातल्या शाळेने व्हिडिओवर मुलाखत घेतली, अर्ध्या तासात होकार कळवला, आणि दुसऱ्या दिवशी ईमेल आला: पदवीची अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी शिक्कामोर्तब) केलेली प्रत आणि पोलिसांचा दाखला पाठवा, दीड महिन्यात रुजू व्हायचं आहे. बहुतेकांची गाडी इथेच अडते. हे दोन कागद हातात नसले तर दीड महिना कसाबसा पुरतो, कधी पुरतही नाही. म्हणून कागदांची तयारी नोकरी मिळण्याआधीच सुरू करायची असते. मात्र सगळे कागद आधी काढून ठेवले तरी फसगत होते, कारण त्यातल्या काहींची मुदत संपते. खरा प्रश्न क्रमाचा आहे.

सुरुवात पासपोर्टपासून

अर्ज करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या: तुमच्या नागरिकत्वावर त्या देशात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मिळतो का? तुमचं इंग्रजी किती चांगलं, हा त्यानंतरचा प्रश्न. हे ऐकायला कडू आहे, पण आधी कळलेलं बरं.

दक्षिण कोरियात भाषाशिक्षकांसाठी ई-२ नावाचा व्हिसा आहे. इंग्रजी शिकवण्यासाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१० पासून लागू असलेल्या आर्थिक भागीदारी करारामुळे भारतीय नागरिकांनाही सहायक शिक्षक म्हणून एक वाट खुली आहे, पण तिथे पदवीच्या जोडीला इंग्रजी शिकवण्याचा शिक्षक-परवाना लागतो. नुसत्या पदवीवर भागत नाही.

चीनमध्ये साधारण नियम असा की परदेशी भाषाशिक्षकाने स्वतःची मातृभाषाच शिकवावी, आणि मातृभाषा कोणती हे पासपोर्टवरून ठरतं. शिवाय पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवी शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची असेल, शिक्षक-परवाना असेल किंवा भाषा शिकवण्याचं मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट माफ होते.

जपानची गोष्ट निराळी, आणि अनेकांना ती ठाऊक नसते. तिथल्या शाळांमध्ये परदेशी भाषा शिकवण्यासाठी जो 'शिक्षक' हा निवासी दर्जा मिळतो, त्याच्या अटींत नागरिकत्वाचा उल्लेख नाही. अट अशी की जी भाषा शिकवायची, त्या भाषेत किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माणसाला हे दार उघडं आहे, पण माध्यम कोणतं होतं हे कागदावर दाखवावं लागतं. गुणपत्रिकेवर माध्यमाचा उल्लेख नसेल तर शाळेकडून आणि महाविद्यालयाकडून तसं लेखी पत्र घ्या. हे पत्र आताच मागितलेलं चांगलं. जुन्या शाळेचं दप्तर उघडून घ्यायला वेळ जातो. खाजगी भाषावर्गात शिकवायचं असेल तर जपानमध्ये निवासी दर्जा वेगळा असतो. तिथे पदवी पुरते, आणि पदवी नसल्यास तीन वर्षांचा अनुभव बघितला जातो.

जपान सरकारची जेट योजना १९८७ पासून चालू आहे. तिच्यात सहायक भाषाशिक्षक म्हणून जायला कोणत्याही शाखेची पदवी चालते, शिकवण्याचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही. अर्ज आपल्या देशातल्या जपानी दूतावासाकडे करायचा असतो. शरद ऋतूत अर्ज, हिवाळ्यात मुलाखत आणि पुढच्या उन्हाळ्यात प्रस्थान, असं तिचं वर्षभराचं चक्र आहे. करार एका वर्षाचा, वाढवत वाढवत कमाल पाच वर्षांपर्यंत.

जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर हवा', म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस हवा, असं वाचलं की लगेच खिन्न होऊ नका आणि लगेच अर्जही करू नका. ती अट कधी त्या देशाच्या व्हिसा कायद्यातली असते, कधी निव्वळ त्या शाळेची आवड असते. कायद्यातली असेल तर शाळेची कितीही इच्छा असली तरी व्हिसा निघत नाही. आवड असेल तर चांगल्या प्रमाणपत्राने आणि नमुना पाठाने ती बदलते. शाळेला सरळ विचारा: माझ्या देशाच्या पासपोर्टवर तुम्ही आधी कुणाला वर्क परमिट काढून दिलं आहे का? या एका प्रश्नाने पुष्कळ वेळ वाचतो.

पदवी आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र

पदवीचं मूळ प्रमाणपत्र लागतं. तात्पुरतं प्रमाणपत्र किंवा नुसत्या गुणपत्रिका बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. दीक्षांत समारंभ चुकवून पदवी विद्यापीठातच पडून राहिलेली असेल, तर ती मिळवणं हे पहिलं काम.

दुसरं, नाव. पासपोर्टवर, पदवीवर आणि जन्मदाखल्यावर नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते आजच पडताळा. एका कागदावर मधलं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. लग्नानंतर आडनाव बदललं. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्तीचं पडलं. घरच्या घरी चालून जाणारा हा फरक परक्या दूतावासाच्या खिडकीवर चालत नाही. विवाह प्रमाणपत्र, नावबदलाचा अधिकृत कागद किंवा 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि त्या कागदालाही पदवीसारखंच साक्षांकन करून घ्यावं लागू शकतं.

शिकवण्याच्या प्रमाणपत्रांबाबत मोठा गोंधळ आहे. टेफल आणि टेसॉल ही कोणत्या एका परीक्षेची किंवा संस्थेची नावं नव्हेत. परभाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या विषयाची ती सर्वसाधारण नावं आहेत आणि कुणीही त्या नावाचा कोर्स काढू शकतो. जाहिरातीत '१२० तासांचं टेफल' मागितलेलं असतं, ते याच अर्थाने. ऑनलाइन कोर्स स्वस्त असतो आणि काही देशांत तेवढ्यावर कामही होतं.

याउलट केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्टटेसॉल ही ठराविक अभ्यासक्रमाची, बाहेरच्या परीक्षकाने तपासलेली प्रमाणपत्रं. दोन्ही इंग्लंडच्या पात्रता-चौकटीत पाचव्या स्तरावर आहेत, आणि दोन्हींत किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, निरीक्षकाच्या नजरेखाली शिकवावं लागतं. माझं मत विचाराल तर ज्यांचा पासपोर्ट वर कोरियाच्या संदर्भात सांगितलेल्या 'सात देशां'पैकी नाही, त्यांनी स्वस्त ऑनलाइन कोर्सवर पैसे घालण्यापेक्षा थोडं थांबून या दोहोंपैकी एक करावं. मुलाखतीत सांगायला तेच सहा तास उपयोगी पडतात.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकालही अनेक ठिकाणी मागतात. थायलंडमधल्या शाळा टोईक बघतात, इतरत्र आयईएलटीएस चालतं. आयईएलटीएस आणि टोफेलचे निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे ही परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

अपोस्टिल म्हणजे नेमकं काय

एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशाने खरा मानावा, यासाठी पूर्वी कार्यालयांची मोठी साखळी ओलांडावी लागे. ती तोडण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग इथे एक करार झाला. त्या करारातल्या देशांपुरतं एकच शिक्कामोर्तब पुरतं, त्याला अपोस्टिल म्हणतात. दहा क्रमांकित रकाने असलेला तो एक चौकोनी मजकूर असतो, आणि कोणत्याही देशाचा असला तरी त्याचं शीर्षक फ्रेंचमध्येच लागतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अपोस्टिल तुमच्या पदवीची गुणवत्ता किंवा मजकुराचा खरेपणा सांगत नाही. खालची सही कुणाची, त्या माणसाचा हुद्दा काय आणि शिक्का खरा आहे का, एवढंच ते सांगतं. म्हणूनच शिक्षण विभागाची किंवा नोटरीची सही आधी लागते आणि अपोस्टिल नंतर. नुसत्या झेरॉक्सवर अपोस्टिल होत नाही. झेरॉक्सवर नोटरीने सही केली तर त्या सहीवर होतं. पण मग प्रमाणित झाली ती नोटरीची सही, विद्यापीठाची नव्हे. काही देशांना हे चालतं, काहींना मूळ पदवीवरच हवं असतं. शाळेकडून लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

ज्या देशाने हा करार स्वीकारलेला नाही, तिथे जुनी साखळीच चालते. संयुक्त अरब अमिरातीसाठी आपल्या देशाचं परराष्ट्र खातं, मग अमिरातीचा दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं, असे टप्पे आहेत. चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल चालू झालं खरं, पण दोन्ही देश करारात असले म्हणजे झालं, असं नाही. एखाद्या देशाने दुसऱ्याच्या प्रवेशाला हरकत घेतली तर त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारत आणि चीनच्या बाबतीत नेमकं हेच झालं, त्यामुळे भारतीय पदवीला चीनसाठी दूतावासाचंच साक्षांकन लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट. अपोस्टिलचा कागद पिन मारून जोडलेला असेल तर स्कॅन करायला म्हणून ती पिन काढू नका. पान उलटवून जमेल तसं स्कॅन करा. पिनेची भोकं दिसली की कागद बदलल्याचा संशय घेऊन अर्ज परत येऊ शकतो.

मुदतीचे कागद सगळ्यात शेवटी

पदवी, जन्मदाखला, शिकवण्याचं प्रमाणपत्र हे कागद शिळे होत नाहीत. त्यांचं साक्षांकन आधी उरकून घ्या. पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी मात्र नासणाऱ्या मालासारखी. कोरियाला सहा महिन्यांच्या आतला दाखला लागतो. तो दाखला देशपातळीवरचाही असावा लागतो, गावच्या ठाण्याचा चालत नाही. त्यावर पुन्हा अपोस्टिल करायचं असल्याने तेवढा काळ त्याच मुदतीतून वजा होतो. मधल्या काळात दुसऱ्या एखाद्या देशात राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचा दाखलाही मागितला जाऊ शकतो, आणि तो दुरून मिळवणं वेळखाऊ असतं.

वैद्यकीय तपासणीत क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या चाचण्या असतात. कोरियात पोचल्यावर अमली पदार्थांची चाचणीही होते. नेहमीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या शास्त्रीय नावासह, सोबत ठेवा. पासपोर्ट किमान सहा महिने, आणि खरं तर कराराच्या पूर्ण काळापुरता तरी, वैध असलेला बरा.

करार आणि व्हिसा

व्हिसा तुम्ही काढता, पण त्याआधीची परवानगी जवळपास सगळीकडे शाळा काढते. जपानमध्ये शाळा तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रता-प्रमाणपत्र मिळवते. ते दिल्यापासून तीन महिन्यांत देशात दाखल व्हावं लागतं. चीनमध्ये शाळेकडून वर्क परमिटचं सूचनापत्र येतं आणि त्यावर झेड व्हिसा, म्हणजे कामाचा व्हिसा, मिळतो. थायलंडमध्ये नॉन-इमिग्रंट बी (नोकरीसाठीचा) व्हिसा, त्यावर वर्क परमिट, आणि शाळेत शिकवायचं तर शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट.

म्हणून शाळा 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग इथे बघू' म्हणाली, तर नाही म्हणा. पकडलं गेलं तर दंड आणि हद्दपारी शिक्षकाच्या वाट्याला येते. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा किंवा मूळ पासपोर्ट ताब्यात ठेवू म्हणणारा मालकही टाळा.

करारात पगाराच्या आकड्याइतकंच तासांकडे बघा. 'आठवड्याला २५ तास' हे फक्त वर्गातले तास की तयारी, बैठका धरून? घर शाळा देते की भत्ता? परतीचं तिकीट करार पूर्ण झाल्यावरच मिळतं का? आणि मुख्य म्हणजे नोकरी सोडली तर व्हिसाचं काय होतं? कोरियात ई-२ व्हिसा शाळेशी बांधलेला असतो; मध्येच दुसरीकडे जायचं तर जुन्या शाळेचं मुक्ततापत्र लागतं. ते न देण्याची ताकद शाळेच्या हातात असते, हे सही करण्याआधी लक्षात असू द्या.

तिकडे उतरल्यावरही घड्याळ चालूच असतं. चीनमध्ये २४ तासांच्या आत पोलिसांकडे पत्त्याची नोंद आणि ३० दिवसांत निवास-परवान्याचा अर्ज. जपानमध्ये राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांत पालिका कार्यालयात पत्ता नोंदवायचा. कोरियात ९० दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी. थायलंडमध्ये दर ९० दिवसांनी पत्ता कळवत राहायचं. या नोंदण्यांसाठी साक्षांकित कागदांचा मूळ संच विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. आणि शाळेला पदवी बघायला द्यायची वेळ आली तर दाखवून लगेच परत घ्या.