पिकअप ओढेल हो, पण हुकावर वजन किती?

पिकअपला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, जोडायचा म्हटलं की पहिला प्रश्न इंजिनाचा, गाडी ओढेल का? ओढेल. हायलक्स किंवा व्ही-क्रॉस सोडा, आपली साधी बोलेरो पिकअपसुद्धा 800 किलोचा छोटा ट्रेलर पत्रादेवी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरामात नेईल. पण भानगडी होतात त्या ओढताना कमी आणि सरळ रस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागला की किंवा घाट उतरताना जास्त, आणि यातलं बरंचसं गाडी अंगणातून निघायच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणजे तुम्ही सामान कुठे भरलंत त्यावर.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. थोडं पुढच्या दांडीतून हुकाच्या गोळ्यावर येतं. अमेरिकेत हे एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के ठेवा म्हणतात, म्हणजे 800 किलोला 80 ते 120. युरोपात यापेक्षा कमी चालवतात पण तिथे वेगाचे नियमही कडक. आपण 10 टक्क्यांच्या खाली जाऊ नये असं माझं मत. आणि वरची मर्यादा हुकावर आणि गाडीच्या पुस्तकात दिलेली असते ती पाळायची.

आता ट्रेलरच्या मागच्या बंपरजवळ पाण्याची टाकी आहे समजा, 60 लिटरची, एक्सलच्या मागे दीड मीटरवर, आणि हुक ते एक्सल अंतर 3 मीटर. टाकी भरली की मागे 60 किलो बसले आणि तरफेच्या हिशेबाने पुढे हुकावरचे 30 किलो उचलले गेले. सकाळी 80 होते, नळ बंद केला तेव्हा 50. बाहेरून बघितलं तर काहीही बदललेलं दिसत नाही, हीच तर गंमत.

हुकावरचं वजन कमी झालं म्हणजे ट्रेलरचा भार मागे सरकला, आणि असा ट्रेलर हुकाभोवती झुलायला लागला की लवकर थांबत नाही. बाजूने कदंबा बस जोरात गेली, झुआरी पुलावर आडवा वारा आला की ट्रेलरला धक्का बसतो आणि तो एकदा डावीकडे एकदा उजवीकडे जातो. टायर आडवे घसरताना विरोध करतात म्हणून हे झुलणं विझतं. पण तो विरोध किती हे टायर कितपत तिरका चाललाय त्या कोनावर असतं, आणि तोच आडवा धक्का असताना पुढचा वेग वाढला तर कोन बारीक होतो. म्हणजे जितके जोरात जाल तितका विझवणारा जोर कमी. एका ठरावीक वेगाच्या खाली झुलणं आपोआप मरतं, त्याच्या वर गेलं की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा, मग पिकअपची मागची बाजूही सोबत हलायला लागते आणि ड्रायव्हरच्या हातात फारसं काही उरत नाही. हा वेग प्रत्येक जोडीचा वेगळा, सामान हलवलं की तोही हलतो.

इंग्लंडातल्या बाथ विद्यापीठाच्या इंजिनियरांनी वजनं पुढेमागे सरकवता येतील असा ट्रेलर बनवून चाचण्या घेतल्या, 2009 साली ते छापून आलं. हुकावरचं वजन, एक्सलची जागा आणि वजन मधोमध आहे की दोन टोकांना, या तिन्हीचा मोठा फरक पडतो. टोकांचं का, तर फिरणाऱ्या गोष्टीत अंतराचा वर्ग येतो. भरलेला गॅस सिलिंडर साधारण 30 किलोचा, तो मध्यापासून 2 मीटरवरून 1 मीटरवर आणला की झुलण्यातला त्याचा वाटा थेट चौथाई. म्हणून जड सामान खाली, एक्सलच्या आसपास आणि किंचित पुढे. मागे गाद्या, कपडे, खुर्च्या टाका.

आणि झुलायला लागलाच तर? ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, झोक्याच्या उलट फिरवायला जाऊ नका कारण आपला हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोचतो. पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरचा ब्रेक वेगळा लावता येत असेल तर तेवढाच हळू लावा. वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा सल्ला काही शहाणे देतात, तो ऐकू नका.

मोजायचं कसं? भरलेला ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दगड, दांडी हुकाच्याच उंचीवर, आणि दांडीखाली घरचा वजनकाटा. काट्याला भार झेपणार नसेल तर फळी घ्या, एक टोक विटेवर एक काट्यावर, आणि दांडी विटेपासून एक तृतीयांश अंतरावर टेकवा, काटा दाखवेल त्याला 3 ने गुणा. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायचं.

हुकावर वजन जास्त झालं तरी त्रास आहेच. हुक मागच्या एक्सलच्याही 1.2 मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर) 3 मीटर असेल तर 100 किलोमुळे पुढच्या चाकांवरचे 40 किलो कमी होतात आणि मागे 140 वाढतात. मागचे स्प्रिंगचे पाटे दबतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात, पावसात स्टिअरिंग हलकं. शिवाय हे 100 किलो हौद्याच्या क्षमतेतून वजा, हे लोक हमखास विसरतात.

घाटाचं गणित वेगळं. पिकअप 2000 किलो आणि ट्रेलर 800, चोर्ला घाटातून केरीकडे समजा 600 मीटर उतरला, तर 16 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायला लागते. एवढ्यात नळाचं 50 लिटरपेक्षा जास्त पाणी उकळी येण्याइतकं तापेल. काही भाग हवा आणि टायर खातात, उरलेलं इंजिनाला द्या, म्हणजे चढताना जो गियर तोच किंवा एक खालचा, आणि न्यूट्रलचा विचारही नको. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात तर लायनर तापून पकड सुटते. त्यात ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, डॉट 3 दर्जाचं ऑइल कोरडं असताना निदान 205 अंशापर्यंत उकळत नाही पण ओलावा धरला की ही हद्द 140 पर्यंत खाली येते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे आणि पेडल सरळ तळाला. आपली हवा बघता पावसाळ्यानंतर ऑइल तपासून घ्या.

सेफ्टी चेन दांडीखालून फुलीसारख्या लावायच्या, म्हणजे हुक सुटला तर दांडी रस्त्यात रुतायच्या आधी चेनवर अडकते. गावातल्या रस्त्यांवर वळण जरा बाहेरून घ्या, ट्रेलर आत कापत येतो आणि आत बहुतेक कोणाचा तरी गडगा (दगडी कुंपण) असतो. ट्रेलरची नोंदणी आरटीओकडे वेगळी लागते.

आणि समुद्रावर नेऊन आणलात तर चाकं धुवा, मिठाने बेअरिंग खराब होतात. निघाल्यावर 15-20 किलोमीटरवर थांबून नट तपासा आणि दोन्ही हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) सांभाळून हात नेऊन बघा. एक कोमट आणि दुसरं तापलेलं असेल तर तिथेच थांबून मेकॅनिक बोलवा, बेअरिंग तरी जातंय नाहीतर ब्रेक तरी चिकटलाय.