पार्श्वभूमी: हम्बोल्ट पेंग्विन आणि मीरकॅट

साताऱ्याकडची शाळेची सहल मुंबईला गेली की राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचा हट्ट ठरलेला. २०१६ मध्ये सोलहून आणलेले हे हम्बोल्ट पेंग्विन बर्फातले नव्हेत, पेरू-चिलीच्या रखरखीत किनाऱ्यावरचे. ताठ उभं राहणं, घोळक्यानं राहणं, बिळात पिल्लं वाढवणं यामुळे त्यांची आफ्रिकेतल्या मीरकॅट या छोट्या प्राण्याशी तुलना पटकन होते. जरा मागं जाऊन पाहिलं की ती डळमळते.

पेंग्विन ही बिळं समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या थरात उकरत. पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे पेरूच्या बेटांवर काही ठिकाणी हे थर तीस मीटरच्या वर साचले होते. जर्मन निसर्गसंशोधक अलेक्झांडर फॉन हम्बोल्टनं १८०२ मध्ये हे विष्ठेचं खत, म्हणजे ग्वानो, पाहिलं, नमुने युरोपात नेले. १८३४ मध्ये पेंग्विनला त्याचं नाव मिळालं. आणि १८४० नंतर तेच ग्वानो जहाजं भरभरून युरोपात जाऊ लागलं. तीस-पस्तीस वर्षांत मोठमोठे ढीग खरवडून संपले. उसाला पोत्यानं खत ओतणाऱ्या आपल्या कृष्णाकाठाला ही हाव समजावून सांगायला नको! हम्बोल्टच्या नावाच्या पक्ष्याचं घर असं शेतात गेलं. आज कित्येक जोड्या कपारीत, नाहीतर झुडपाखाली अंडी घालतात. १९८२-८३ च्या एल निनोत, म्हणजे समुद्राचं पाणी तापलं तेव्हा, मासळी आटली, तेव्हा उरलेल्यांचेही हाल झाले.

मीरकॅट आपल्या मुंगसाचा भाऊबंद. आपलं मुंगूस बांधावर बहुधा एकटंच दिसतं. पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावतात. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटाच्या उघड्या माळावर डोकं खाली घालून किडे उकरणाऱ्याचा मात्र एकट्यानं निभाव लागत नाही, वर गरुड असतात. प्राणिशास्त्रज्ञ टिम क्लटन-ब्रॉक यांनी १९९३ पासून तिथं मीरकॅटच्या टोळ्यांवर पाळत ठेवली. टोळीसाठी उंचावरून पहारा देणारा मीरकॅट म्हणजे त्यागमूर्ती, हा समज १९९९ मध्ये मोडला: तो पोट भरल्यावरच वर चढतो आणि धोका त्यालाच आधी दिसतो. २००६ मध्ये आणखी मजेशीर गोष्ट कळली. मोठे मीरकॅट लहान पिल्लाला आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी तोडलेला, शेवटी जिवंत.

पेंग्विनच्या वसाहतीत शेजाऱ्याच्या पिल्लाला कुणी घास भरवत नाही. जोडी आपली दोन अंडी सांभाळते, बस्स. पण म्हणून मीरकॅटचं कुटुंब फार प्रेमळ समजू नये. थोरली मादी खालच्या माद्यांना विणीच्या काळात हुसकावते, वेळप्रसंगी त्यांची पिल्लंही मारते.